सर्किट बेंचच्या पलीकडचे न्यायमूर्ती गवई

बावडेकर_वकील (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

१७ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं (मुख्य पीठाबाहेर न्यायमूर्ती बसतात ते ठिकाण) उद्घाटन झालं आणि सरन्यायाधीश भूषण गवई त्यासाठी आपल्या गावात आले. दुसऱ्या दिवशी सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत काम सुरू झालं. तेव्हापासून त्यांचं नाव निघालं की आपल्याकडं एकच वाक्य ऐकू येतं, "बेंच दिलं साहेबांनी." ते खरं आहे आणि त्याचा आनंद मलाही आहे. पण २३ नोव्हेंबर २०२५ ला ते निवृत्त झाले, चाळीस वर्षांची वकिली आणि न्यायदान मागं ठेवून. एवढी मोठी कारकीर्द आपण उद्घाटनाच्या एका फितीपुरती लक्षात ठेवणार असलो तर तो त्यांच्यावर अन्याय आहे आणि आपल्या अभ्यासावरही. म्हणून हा धागा. त्यांचे निकाल वाचा, पटले तर का पटले ते लिहा, नाही पटले तर तेही लिहा.

आधी थोडी माहिती. जन्म २४ नोव्हेंबर १९६०, अमरावती. वडील रा. सू. गवई, म्हणजे दादासाहेब. रिपब्लिकन चळवळीतले नेते, विधान परिषदेचे सभापती, पुढं बिहार आणि केरळचे राज्यपाल. घरात राजकारण होतं, पण लहानपण गेलं अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात, शाळा नगरपालिकेची. त्यांना स्वतःला आर्किटेक्ट व्हायचं होतं, वडिलांच्या इच्छेखातर कायद्याकडं वळले, हे त्यांनीच भाषणातून सांगितलंय.

१६ मार्च १९८५ ला वकिली सुरू. पहिली दोन वर्षं बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडं. ते माजी महाधिवक्ता आणि उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही राहिलेले. मग काही काळ मुंबईत स्वतंत्र आणि १९९० नंतर मुख्यतः नागपूर खंडपीठात. नागपूर आणि अमरावती महापालिका, अमरावती विद्यापीठ यांची वकीलपत्रं. २००० मध्ये नागपूर खंडपीठात मुख्य सरकारी वकील. १४ नोव्हेंबर २००३ ला उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायमूर्ती, २००५ मध्ये कायम. मुंबई, नागपूर, औरंगाबाद, पणजी, चारही ठिकाणी बसले.

आता एक गोष्ट नीट बघा. कुठल्याही उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती न होता ते २४ मे २०१९ ला थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. के. जी. बालकृष्णन २०१० मध्ये निवृत्त झाल्यावर जवळजवळ एक दशक सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीचा एकही न्यायाधीश नव्हता. कॉलेजियमनं (न्यायाधीशांची निवड सुचवणारं ज्येष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ) गवईंची शिफारस करताना हे कारण उघड नोंदवलं. त्याच दिवशी शपथ घेतलेल्यांत न्या. सूर्य कांतही होते. शपथेचा क्रम गवई आधी, सूर्य कांत नंतर. त्या क्रमानंच पुढं ठरलं की १४ मे २०२५ ला गवई सरन्यायाधीश होतील आणि २४ नोव्हेंबरला सूर्य कांत. सर्वोच्च न्यायालयात निवृत्तीचं वय ६५, त्यामुळं हाती आले सहा महिने आणि काही दिवस. दलित समाजातले दुसरे आणि बौद्ध धर्मीय पहिले सरन्यायाधीश.

पहिल्याच दिवसांत, १५ मे ला, पुण्यातल्या कोंढवा बुद्रुकच्या वनजमिनीचा निकाल आला. ११.८९ हेक्टर राखीव वन १९९८ मध्ये शेतीच्या नावाखाली वाटलं गेलं आणि पुढं बांधकामाच्या वाटेला लागलं. ते वाटपच बेकायदा ठरवून जमीन वनखात्याला परत. सुरुवात अशी ठसठशीत होती. शेवट मात्र सगळ्यांना रुचला नाही, त्यावर कुणीतरी लिहावं.

---

राधानगरीकर

वकीलसाहेब, मी शेतकरी माणूस. निकाल वाचायची सवय नाही, पण बेंचचं मोल तुम्हा लोकांपेक्षा आम्हाला जास्त कळतंय म्हणून लिहितो.

आमच्या आजोबांचा कुळकायद्याचा वाद. तहसीलदार, प्रांत, महसूल न्यायाधिकरण करत करत रिट मुंबईला गेलं. आजोबा गेले, वडील म्हातारे झाले. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघायचं, सकाळी सीएसटीला उतरून तिथंच तोंड धुवायचं, फोर्टात वकिलाच्या ऑफिसबाहेर उभं राहायचं. बऱ्याचदा बोर्डावर नंबरच यायचा नाही. पुन्हा रात्रीची गाडी. तिकडं म्हशीचं दूध दुसऱ्याला काढायला लावायचं, त्याचे पैसे वेगळे. कोर्टात काय चाललंय ते इंग्रजीत, वकील बाहेर येऊन दोन वाक्यांत सांगणार.

आता गावातनं सकाळच्या एसटीनं निघालो की अकराच्या आधी भाऊसिंगजी रोडवरच्या बेंचमध्ये. वडिलांना शेजारी घेऊन बसता येतं. हे ज्यानं ज्यानं केलं त्या सगळ्यांना दंडवत. गवईसाहेबांनाही.

---

मिरजेची_वकीलबाई

राधानगरीकर दादा, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरून आले.

एक कायद्याची बाब मात्र स्पष्ट व्हायला हवी. बेंचचा आदेश सरन्यायाधीश काढत नाहीत. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) खाली उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मंजुरीनं मुख्य पीठाखेरीज दुसऱ्या ठिकाणी न्यायमूर्तींना बसवू शकतात. तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे यांची अधिसूचना १ ऑगस्ट २०२५ ची, अंमल १८ ऑगस्टपासून. जिल्हे सहा: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. गवईंनी या मागणीला आधीपासून जाहीर पाठिंबा दिला, त्यांच्या काळात ते घडलं, त्यांच्या हातून उद्घाटन झालं. श्रेय तेवढं आणि तसंच द्यावं.

आणि सहा जिल्ह्यांतल्या वकिलांचं काय? चार दशकांहून जास्त काळ मागणी लावून धरली. काम बंद, उपोषणं, मोर्चे, प्रत्येक मुख्यमंत्र्यापुढं आणि प्रत्येक मुख्य न्यायमूर्तींपुढं निवेदनं. माझ्या ज्येष्ठांच्या पिढीतले किती जण हे बघायच्या आधीच गेले. त्यांची नावं कुठल्याच फलकावर नव्हती.

---

बावडेकर_वकील

वकीलबाई, शंभर टक्के सहमत. त्यात औरंगाबादची हकीकत जोडतो, कारण आपल्या पुढच्या वाटचालीशी तिचा थेट संबंध आहे.

औरंगाबादलाही १९८१ च्या ऑगस्टमध्ये याच ५१(३) खाली न्यायमूर्ती बसायला लागले. त्याला आव्हान मिळालं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथं तो आदेश टिकला. मग १९८४ मध्ये कलम ५१(२) खाली राष्ट्रपतींच्या आदेशानं कायम खंडपीठ झालं. आपण आज पहिल्या पायरीवर आहोत. शेंडा पार्कात इमारतीसाठी जागा ठरली म्हणून स्वस्थ बसायचं नाही. कायम खंडपीठाचा आदेश हाती येईपर्यंत हा विषय चालू ठेवायला लागणार.

---

कणकवलीवालो

सगळ्यांच्या आनंदात आहे, पण आमची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

सिंधुदुर्गातल्या माणसाला कोल्हापूर नकाशावर जवळ दिसतं. मध्ये सह्याद्री आहे. पावसाळ्यात फोंडा, करूळ, आंबोली यातला कुठला घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. करूळ तर रस्त्याच्या कामासाठी कितीतरी महिने बंदच होता. मुंबईला रात्रीची कोकण रेल्वे आहे, घरोघरी मुंबईत कुणी ना कुणी राहायला आहे. कोल्हापुरात आमचं कुणी नाही. अनेक पिढ्यांची वकीलमंडळीही मुंबईतच. त्यामुळे आमच्याकडे मतं विभागलेली आहेत आणि त्यात कोल्हापूरवर राग नाही. गवईसाहेबांचं न्याय लोकांच्या दारात नेण्याचं तत्त्व मला मान्य आहे. ते तत्त्व पाळायचं तर घाटाखालच्या पक्षकारासाठी दूरदृश्य सुनावणी हक्कानं मिळायला हवी, वकिलाच्या विनंतीवर अवलंबून नको.

---

मिरजेची_वकीलबाई

कणकवलीवालो, हा मुद्दा बार असोसिएशनच्या बैठकीत मांडण्यासारखा आहे. सोलापूरच्या मंडळींचंही अंतराचं गणित वेगळं आहे, त्यांचंही ऐकायला हवं.

---

गटसचिव_निवृत्त

धागाकर्त्यांनी निकाल वाचा म्हटलंय, तर मी नोटाबंदीच्या निकालावर बोलतो. २ जानेवारी २०२३, पाच न्यायमूर्ती, चार विरुद्ध एक. बहुमताचा निकाल गवईंनी लिहिला.

माझा जन्म विकास सेवा सोसायट्यांच्या हिशेबात गेला. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर काय झालं ते मी काउंटरच्या आतून बघितलंय. शेतकऱ्याचं खातं जिल्हा बँकेत. उसाचं बिल तिथं, दुधाचा पगार तिथं, पीककर्ज तिथं. आणि १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायलाच मनाई केली. खेडेगावात दुसरी बँक कुठं? पूर्वहंगामी उसाच्या लागणीला आणि मजुरीला रोकड लागते. लोक सोसायटीच्या दारात बसून राहायचे, आणि माझ्याकडं सांगायला उत्तर नसायचं.

निकाल सांगतो, केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँकेत सहा महिने विचारविनिमय झाला होता, निर्णयाच्या प्रक्रियेत दोष नाही, आर्थिक धोरणात न्यायालयानं फार खोल शिरू नये. न्या. नागरत्ना यांनी विरोधी मत दिलं: प्रस्ताव केंद्राकडून आलेला, एवढी मोठी गोष्ट कायदा करून किंवा अध्यादेशानं व्हायला हवी होती. मला नागरत्नाबाईंचं मत पटतं. गवईंनी प्रक्रियेची तपासणी केली ती दिल्लीतल्या कागदांवर. गावातल्या काउंटरपर्यंत ती पोचली नाही. माणूस मोठाच आहे, पण या निकालात माझ्या गावचा शेतकरी मला कुठं सापडला नाही.

---

बावडेकर_वकील

काका, असंच लिहिलेलं हवं होतं. एवढंच जोडतो की न्यायालयापुढं प्रश्न 'निर्णय शहाणपणाचा होता का' हा नव्हता, 'कायद्याच्या चौकटीत होता का' हा होता. पण चौकटीचा विचार करताना प्रमाणबद्धतेची कसोटीही लावली गेली, म्हणजे साध्य आणि त्यासाठी लोकांनी सोसलेला त्रास यांचं माप. ते माप घेताना सहकारी बँकांच्या खातेदाराकडं जास्त लक्ष जायला हवं होतं, असं मलाही वाटतं.

---

शुक्रवारपेठ_पूरग्रस्त

मी दुसऱ्या टोकाला आहे. माझ्या दृष्टीनं गवईंचा सगळ्यात मोठा निकाल १३ नोव्हेंबर २०२४ चा, ज्याला लोक बुलडोझर निकाल म्हणतात. न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन. देशात काही ठिकाणी आरोपी म्हणून नाव आलं की दुसऱ्या दिवशी घरावर बुलडोझर, असं चाललं होतं. निकालानं सांगितलं की गुन्हेगार कोण हे न्यायालय ठरवतं, प्रशासन नाही. आणि दोषी ठरला तरी शिक्षा म्हणून त्याचं घर पाडता येत नाही, कारण त्या घरात बायका, मुलं, म्हातारी माणसं राहतात ज्यांनी काही केलेलं नाही.

मला भावलं ते नुसतं तत्त्व नाही. त्यांनी कामाची पद्धत घालून दिली, तलाठ्यालासुद्धा कळेल अशी. स्थानिक कायद्यातली मुदत किंवा १५ दिवस, यातलं जे नंतर संपेल तोवर पाडकाम नाही. नोटीस रजिस्टर्ड पोस्टानं, शिवाय घरावर डकवायची. नोटिशीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना ईमेलनं, म्हणजे मागची तारीख घालून कागद रंगवता येणार नाही. मालकाचं म्हणणं समक्ष ऐकायचं आणि लिहून ठेवायचं. पाडण्याशिवाय दुसरा उपाय का नाही ते अंतिम आदेशात सांगायचं. आदेशानंतर पुन्हा १५ दिवस. पाडताना चित्रीकरण. आणि हे मोडलं तर अवमानाची कारवाई, शिवाय अधिकाऱ्यानं स्वतःच्या खिशातून बांधकाम पूर्ववत करून द्यायचं.

अधिकाऱ्याच्या खिशाला हात लावणारा निकाल मी दुसरा ऐकलेला नाही.

प्रश्न असा आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या घरात पाणी आलं. नदीकाठी पुराची निळी रेषा, लाल रेषा (बांधकामावर बंधन घालणाऱ्या पूररेषा) चालू असतं. उद्या पंचगंगेच्या काठच्या बांधकामांवर कारवाई झाली तर ही १५ दिवसांची ढाल मिळणार का?

---

मिरजेची_वकीलबाई

सरसकट नाही. निकालातच अपवाद आहे: रस्ता, गल्ली, पदपथ अशा सार्वजनिक जागेवरची किंवा रेल्वेमार्ग, नदी, जलाशय यांना लागून असलेली अनधिकृत बांधकामं, आणि जिथं न्यायालयानंच पाडण्याचा आदेश दिलाय ती. तिथं हे निर्देश लागू होत नाहीत. पण म्हणून विनानोटीस काहीही चालेल असंही नाही, महापालिका कायदा आणि नगररचना कायद्यातली प्रक्रिया आहेच. तुमचं बांधकाम परवानगीचं असेल तर घाबरू नका. परवानगीची प्रत, घरफाळ्याच्या पावत्या, सिटी सर्व्हेचा उतारा एका फाइलीत लावून ठेवा आणि ती फाइल माडीवर ठेवा.

---

हातकणंगले_शिक्षक

अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा निकाल कुणी काढला नाही. बहुतेक नाजूक विषय म्हणून टाळताय. मी त्याच समाजातला आहे, मी लिहितो.

१ ऑगस्ट २०२४. सात न्यायमूर्ती, सहा विरुद्ध एक. अशी विभागणी करता येत नाही म्हणणारा २००४ चा चिन्नय्या निकाल मोडला आणि राज्यांना अनुसूचित जातींत पोटवर्ग करून जास्त मागं राहिलेल्यांना वेगळा वाटा देता येईल असं ठरलं. गवईंनी स्वतंत्र मत लिहिलं आणि एक पाऊल पुढं गेले: अनुसूचित जाती-जमातींतही क्रीमी लेयर, म्हणजे पुढारलेला वर ग‌ेलेला थर, ओळखायचं धोरण राज्यानं आखावं. खेड्यातल्या शाळेत शिकणारं मजुराचं पोर आणि मोठ्या अधिकाऱ्याचं महागड्या शाळेतलं पोर एका मापानं मोजता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. वर्गीकरणाला विरोध करणाऱ्यांना त्यांनी रेल्वेच्या जनरल डब्यात आधी चढलेल्या माणसाची उपमा दिली, जो आत आला की बाहेरच्याला आत येऊ देत नाही.

या निकालानंतर आमच्या समाजातल्या अनेकांनी त्यांच्यावर जोरात टीका केली. आपल्यातला माणूस वर गेला आणि आपल्याच ताटातलं काढलं, इथपर्यंत बोललं गेलं. मला ती भाषा चुकीची वाटते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत. माझ्या वर्गात त्यातल्या दोन-तीन जातींची मुलं दहावीच्या पुढं जाताना दिसतात. बाकीच्यांची नावं हजेरीपटावर असतात आणि सातवी-आठवीत गळतात. वर्गीकरणाला माझा पाठिंबा आहे.

क्रीमी लेयरला मात्र विरोध, आणि तोही ठाम. आरक्षण गरिबी हटवायला आलेलं नाही, अस्पृश्यतेवरचा तो इलाज आहे. पगार वाढला म्हणून भाड्यानं घर मागताना आडनाव विचारायचं थांबत नाही. ते मी स्वतः सोसलंय, याच जिल्ह्यात. मनापासून आदर ठेवून सांगतो, या जागी साहेबांनी आर्थिक वर येणं आणि सामाजिक वर येणं एक धरलं.

---

रंकाळाकाठ

शिक्षक दादा, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्याच माणसाची दुसरी बाजू ठेवते. त्यांच्याच काळात, जून २०२५ पासून, सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या थेट भरतीत आणि बढतीत अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना ७.५ टक्के आरक्षणाचं रोस्टर लागू झालं. देशभरच्या नोकऱ्यांवर निकाल देणाऱ्या न्यायालयाच्या घरात ते इतक्या वर्षांत नव्हतं. बातमी आली आणि गेली, पण त्या इमारतीतल्या कारकून, सहायक, शिपाई यांच्यासाठी ती आयुष्य बदलणारी आहे.

आणि हे शाहू महाराजांच्या गावात बसून वाचताना वेगळं वाटतं. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा जाहीरनामा इथला. अस्पृश्य समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा महाराजांनी दिल्या त्याही इथंच, जेव्हा कोर्टाच्या आवारात त्यांची सावलीही लोकांना चालत नव्हती. १९२० च्या मार्चमध्ये माणगाव परिषदेत महाराजांनी बाबासाहेबांना समाजाचे पुढारी म्हणून पुढं केलं. त्या सनदांपासून सरन्यायाधीशपदापर्यंत मोजली तर साधारण शंभर वर्षं होतात. मला वाटतं, उद्घाटनाच्या दिवशी कोल्हापूरकर भारावले त्याचं निम्मं कारण हे होतं.

---

जुना_राजवाडा

थोडं अवांतर. कोल्हापूरचा न्यायमूर्तींशी संबंध जुना आहे. महादेव गोविंद रानडे जन्मले निफाडला, पण त्यांचं बालपण आणि सुरुवातीचं शिक्षण कोल्हापुरात झालं, वडील इथं संस्थानच्या नोकरीत होते म्हणून. पुढं थोडा काळ रानड्यांनी कोल्हापूर संस्थानात न्यायाधीशाचं कामही केलं. १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात गेले, काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या निधनानं रिकाम्या झालेल्या जागेवर. आणि बेंचच्या सहा जिल्ह्यांतल्या साताऱ्यात १९०१ मध्ये जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर १९६४ ते १९६६ सरन्यायाधीश होते. नव्या इमारतीत या दोघांची तैलचित्रं लागावीत ही माझी मनापासूनची इच्छा.

---

दाजीपूर_जंगलवाटा

धागाकर्त्यांनी म्हटलं, शेवट सगळ्यांना रुचला नाही. मला अजिबात रुचला नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठानं वनशक्ती या संस्थेच्या प्रकरणात निकाल दिला होता: आधी प्रकल्प उभा करायचा आणि नंतर पर्यावरण मंजुरी घ्यायची, हे चालणार नाही. १८ नोव्हेंबरला, निवृत्तीला पाच दिवस असताना, गवईंच्या अध्यक्षतेखालच्या पीठानं दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागं घेतला आणि विषय नव्यानं ऐकायला ठेवला. कारण दिलं की आधीचे काही निकाल विचारात घेतले गेले नव्हते, आणि बांधून झालेले मोठे सार्वजनिक प्रकल्प पाडणं जनहिताचं नाही. मूळ निकाल देणाऱ्या पीठातले न्या. उज्ज्वल भुयान यांनी याला कडाडून विरोध करणारं मत लिहिलं.

मी पश्चिम घाटात वाढलो. कोंढव्याच्या निकालानं मला जो आनंद दिला होता त्याच्या उलट दिशेला हे पाऊल आहे. ११.८९ हेक्टर वनासाठी सत्तावीस वर्षं मागं जाऊन वाटप रद्द करणारा न्यायमूर्ती, नंतरच्या मंजुरीचं दार पुन्हा उघडू कसं देतो? डोंगर एकदा खणला की मंजुरी आधीची का नंतरची याला काही अर्थ उरत नाही. दोन्ही निकाल एकाच माणसाचे आहेत आणि दोन्ही एकाच कारकिर्दीत धरावे लागतील.

---

मिरजेची_वकीलबाई

शेवटच्या आठवड्यातला आणखी एक: २० नोव्हेंबरचं राष्ट्रपतींच्या संदर्भावरचं, म्हणजे राष्ट्रपतींनी न्यायालयाला विचारलेल्या प्रश्नांवरचं मत. राज्यपालांनी विधेयकांवर किती दिवसांत निर्णय घ्यावा याची मुदत न्यायालय ठरवू शकत नाही, आणि मुदत उलटली म्हणून संमती मिळाली असं मानताही येत नाही, असं पाच न्यायमूर्तींनी सांगितलं. मात्र दीर्घकाळ काहीच न करता बसून राहिलं तर न्यायालय मर्यादित निर्देश देऊ शकतं. मला हे अपुरं वाटतं. मुदत नसेल तर 'दीर्घकाळ' म्हणजे किती, हे दर वेळी भांडून ठरवायला लागणार.

---

इचलकरंजीकर

एवढं सगळं वाचलं. जामिनाचं कुणी लिहिलं नाही. ९ ऑगस्ट २०२४, दिल्लीचे माजी उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया. पक्ष कुठला, आरोप काय, ते बाजूला ठेवा. सतरा महिने आत, खटला सुरू व्हायची चिन्हं नाहीत. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, ही जुनी गोष्ट खालची न्यायालयं विसरत चालली आहेत, असं गवईंच्या पीठानं स्पष्ट सांगितलं. माझा धाकटा भाऊ एका प्रकरणात कच्चा कैदी म्हणून दीड वर्षाच्या आसपास आत होता आणि शेवटी निर्दोष सुटला. वकिलानं जामीन अर्जात त्या निकालाचा दाखला दिला होता. मोठ्या माणसाच्या केसमधला निकाल आमच्यासारख्यांना असा उपयोगी पडतो.

---

रंकाळाकाठ

६ ऑक्टोबरचा प्रसंगही या कारकिर्दीत नोंदवायला हवा. भर न्यायालयात एका वकिलानं त्यांच्या दिशेनं बूट फेकायचा प्रयत्न केला. त्यांनी समोरच्या वकिलांना सांगितलं, विचलित होऊ नका, पुढं चालू ठेवा. आणि सुनावणी चालू राहिली. त्या माणसावर त्यांनी स्वतः कारवाईचा आग्रह धरला नाही. मला त्या दिवशी फार राग आला होता, अजूनही येतो. सरन्यायाधीशपदावर बसलेल्या माणसाच्या वाट्याला हे येतं तर आमच्या गल्लीतल्या माणसाचं काय, हा विचार जात नाही.

---

हातकणंगले_शिक्षक

ताई, सहमत. आणि निवृत्तीनंतर कुठलंही सरकारी पद घेणार नाही हे त्यांनी पदावर असतानाच पुन्हा पुन्हा जाहीर केलं. त्यांच्या निकालांशी माझे मतभेद वर लिहिलेत. पण निकाल देताना पुढच्या खुर्चीकडं नजर होती, असं कुणाला म्हणता येणार नाही.

---

राधानगरीकर

वकीलसाहेब, एक विचारायचं होतं. हे निकाल मराठीत वाचायला मिळतात का? माझी पोरगी बारावीला आहे, कायद्याला जायचं म्हणतेय.

---

बावडेकर_वकील

मिळतात दादा. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निवडक निकालांचे मराठी अनुवाद फुकट आहेत. भाषा जड आहे, पहिल्यांदा वाचताना अडखळायला होतं, त्यामुळं एकटीला वाचायला देऊ नका. बुलडोझर निकालापासून सुरुवात करा, त्यातले शेवटचे निर्देश सगळ्यात सोपे. नंतर उपवर्गीकरणातलं गवईंचं मत.

आणि तिला एखाद्या सकाळी सीपीआरसमोर घेऊन या. सुनावणी उघड्या न्यायालयात चालते, पास काढून मागच्या बाकावर बसता येतं. मी असेन. काळा कोट घालून उभ्या राहिलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या मुली तिला दिसू देत.

उपवर्गीकरण आणि क्रीमी लेयरवर वेगळा धागा काढतोय. शिक्षक दादा, तुमचा प्रतिसाद तिथं सगळ्यात वर घेतो, चालेल ना?

---

हातकणंगले_शिक्षक

चालेल. पण माझ्या विरोधात लिहिणाऱ्यालाही तिथं तेवढीच जागा द्या.